होमस्टे आणि आंबा व्यवसायाच्या इनबॉक्समधील घातक लिंक कशा गाळाव्यात

तारकर्लीच्या होमस्टेचालकाला किंवा देवगडच्या आंबा बागायतदाराला ‘अनोळखी मेल उघडूच नका’ असे सांगून उपयोग नाही, कारण त्यांचे गिऱ्हाईकच अनोळखी असते. एप्रिल-मे महिन्यांत खोल्यांची चौकशी आणि पेट्यांची मागणी एकाच इनबॉक्समध्ये येऊन पडते आणि त्या घाईत मालवेअरची, म्हणजे संगणकात शिरून नुकसान करणाऱ्या प्रोग्रामची, लिंक दाबली जाते. म्हणून अशा व्यवसायात फिल्टरने मेल नष्ट करू नये, तर संशयास्पद मेल बाजूला काढून सवडीने पाहण्याची सोय करावी. नियम लावताना ‘डिलीट’ हा पर्याय मी कधीही सुचवणार नाही, कारण जीमेलच्या ट्रॅशमधून मेल ३० दिवसांनी कायमचा जातो आणि त्यासोबत एखाद्या खऱ्या पाहुण्याची चौकशीही जाते.

सुरुवात अशी करावी. संगणकावर जीमेल उघडून शोधपट्टीच्या उजव्या टोकाचे चिन्ह दाबावे आणि मजकुरातील शब्दांच्या रकान्यात बिट.ली, टाइनीयूआरएल यांसारख्या लिंक आखूड करणाऱ्या सेवांचे पत्ते इंग्रजीत लिहून त्यांच्यामध्ये मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ हा इंग्रजी शब्द टाकावा. मग फिल्टर तयार करताना इनबॉक्स वगळण्याचा पर्याय निवडून ‘तपासणी’ असे लेबल लावावे. एचटीएमएल (वेबपानाची फाइल) आणि झिप (आवळलेली फाइल) प्रकारच्या अटॅचमेंटसाठी असाच दुसरा नियम करावा, कारण पुष्कळदा लिंक मेलमध्ये नसून जोडलेल्या एचटीएमएल फाइलमध्ये असते. हे लेबल रोज एकदा, शक्यतो संध्याकाळी खोल्यांची आवराआवर झाल्यावर, पाहिले पाहिजे. या नियमांची मर्यादाही ओळखून असावे: बटणाआड दडलेला पत्ता ते पकडतीलच असे नाही. तसेच, ‘स्पॅममध्ये कधीही पाठवू नका’ हा नियम फक्त पूर्ण पत्त्याला लावावा, पाठवणाऱ्याच्या नुसत्या नावाला नव्हे, कारण ते नाव कोणीही हवे तसे लिहू शकतो.

‘तपासणी’मधील मेल पाहताना आधी त्याचे मूळ रूप उघडावे. उजवीकडच्या तीन ठिपक्यांच्या मेनूमधून ते दिसते आणि तेथे वरच्याच भागात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर दाखवलेल्या पत्त्याकडूनच आला आहे का हे पाहणाऱ्या, तीन चाचण्यांचा निकाल असतो. पैकी डीमार्क चाचणी नापास असेल आणि मेल बँकेच्या किंवा बुकिंग संकेतस्थळाच्या नावाने आलेला असेल, तर त्यातील लिंक दाबू नये. मात्र तिन्ही चाचण्यांत उत्तीर्ण झालेला मेलही सुरक्षित ठरत नाही, कारण दुसऱ्याचे खाते हॅक करून तेथून पाठवलेला मेल या चाचण्यांत सहज उत्तीर्ण होतो. लिंकवर नुसता माउस नेल्यास खरा पत्ता खालच्या कोपऱ्यात दिसतो. तो वाचताना ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली रेघ शोधावी आणि तिच्या लगेच डावीकडचे शब्द पाहावेत. ‘बुकिंग.कॉम.पाहुणे-तक्रार.एक्सवायझेड’ या पत्त्याचा बुकिंग.कॉमशी काहीही संबंध नाही. भारतीय बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक.इन’ हा शेवट ठरवून दिला असून त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती, तेव्हा बँकेच्या नावाच्या लिंकमध्ये तो शेवट आहे की नाही हे अवश्य पाहावे.

होमस्टेचालकांनी एका प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, डिसेंबर २०२४ पासून बुकिंग.कॉमच्या नावाने निवास व्यवसायातील लोकांना बनावट मेल पाठवले जात होते आणि त्यांच्या लक्ष्यांत दक्षिण आशियाही होता. पाहुण्याने वाईट अभिप्राय दिला आहे किंवा खाते पडताळायचे आहे, असा त्यांतील मजकूर असे. लिंक दाबली की ‘मी यंत्रमानव नाही’ अशी ओळखीची चौकट दिसते, पण तेथे चित्रे निवडण्याऐवजी विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर अशी बटणे दाबायला सांगितले जाते. ती दाबताच त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा आपल्याच हाताने चालते आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम संगणकात उतरतो. मेलमध्ये मालवेअरची फाइलच नसल्यामुळे अटॅचमेंट तपासणाऱ्या फिल्टरला यातले काही दिसत नाही. कोणतेही प्रामाणिक संकेतस्थळ आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी अशी बटणे दाबायला लावत नाही, हे बुकिंग सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, हंगामापुरत्या ठेवलेल्या मुलांनाही, दाखवून समजावले पाहिजे.

मेल येताना निर्दोष असलेली लिंक काही तासांनी घातक केली जाऊ शकते, म्हणून ती दाबण्याच्या क्षणीही अडसर हवा. वाय-फाय राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून क्लाउडफ्लेअरचे १.१.१.२ आणि १.०.०.२, किंवा क्वाड नाइनचा ९.९.९.९ हा क्रमांक भरल्यास माहीत असलेले मालवेअरचे पत्ते उघडतच नाहीत. ही सोय मोफत आहे. मोबाइल डेटावर मात्र राउटरची ही सेटिंग लागू होत नाही, त्यामुळे फोनमध्ये ती वेगळी करावी लागते.

एवढे करूनही लिंक दाबली गेली आणि काही उतरल्याची शंका आली, तर प्रथम त्या संगणकाचे इंटरनेट तोडावे. मेल, बँक आणि बुकिंग खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत आणि सर्व ठिकाणांहून लॉग-आउट करावे, कारण चोरलेले चालू सत्र, म्हणजे आधीच झालेले लॉग-इन, नुसत्या नव्या पासवर्डने प्रत्येक वेळी बंद होत नाही. पैसे गेले असल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन करावा.