थंडी आली: तारांखाली ब्लोअर बंद ठेवा

द्राक्ष बागायतदारांनो, निफाडचा पारा आता उतरायला लागेल. कडक थंडीत मणी तडकू नयेत म्हणून आपण पहाटे ठिबक सोडतो, विहिरीचं कोमट पाणी मुळाशी देतो. आणि नेमकी त्याच पहाटे लाइन जाते. आपल्या पाळीची वीज असते, पण मोटार गप्प. तडकलेला घड हातात धरून माणूस डीपीला शिव्या घालतो. डीपीत बहुतेक वेळा काही नसतं. खोट वर असते, तारेची वीज खांबात उतरू न देणाऱ्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर. आणि तिथला बराच थर आपणच चढवलेला असतो.

कोरड्या धुळीने सहसा काही बिघडत नाही. पण वीटभट्टीचा धूर, कोळशाची राख, रस्त्याचा फुफाटा, खतांचे क्षार असं सगळं साचलेलं असतं आणि वरून दव पडतं. क्षार विरघळतात, इन्सुलेटरच्या अंगावर खारट पाण्याची साय धरते आणि तिच्यातून वीज झिरपू लागते. झिरपणाऱ्या विजेने साय मधेच कुठे वाळली की तिथे ठिणगी उडते. ठिणग्या जुळून तारेपासून लोखंडापर्यंत पोचल्या की लाइन ट्रिप. मोठा पाऊस वरचा थर धुऊन नेतो, भुरभुर आणि धुकं त्याला नुसतं भिजवतं. पावसाळा संपल्यावर आपल्याकडे धुणारं कोणी नाही.

आता ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचा हवेच्या झोताने फवारणारा पंप. 11 हजार व्होल्टच्या तारांखालच्या ओळीत फवारा वर उडतो आणि पानांइतकाच इन्सुलेटरवर बसतो. 1 टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटरला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. शिवाय 0:0:50 सारखी विद्राव्य खतं म्हणजे निव्वळ क्षार. दुकानदार वर स्टिकर घ्यायला लावतो. पानाला धरणारं स्टिकर चिनीमातीलाही धरत असणार, हा माझा अंदाज. त्याच्याकडच्या महागड्या ‘थंडीरोधक’ बाटलीपेक्षा त्या चार ओळी हातपंपाने, नोझल खाली धरून फवारा. वारा खांबाकडे असेल तर त्या दिवशी नकोच.

छाटणीच्या काड्या आणि उसाचं पाचट तारांखाली पेटवू नका. थंडीसाठीच्या शेकोट्याही तिथून दूर. काजळी बसते ती बसतेच, शिवाय ज्वाळेच्या गरम हवेतून तारांमध्ये ठिणगी पडू शकते.

पहाटे खांबाखालून जाताना चर्र्र आवाज आला किंवा निळसर ठिणगी दिसली, तर माझ्या अनुभवात आठ-दहा दिवसांत लाइन बसते. खांब नंबर लिहून घ्या, 1912 वर तक्रार नोंदवा, वायरमनला लाइन बंद करून पुसायला सांगा. स्वतः पाइपने पाणी मारू नका, बांबू लावू नका, जीव जाईल. नवीन इन्सुलेटर बसणार असेल तर क्रीपेज विचारा, म्हणजे तारेपासून लोखंडापर्यंत त्याच्या अंगावरून मोजलेलं अंतर. हलक्या प्रदूषणाला किलोव्होल्टमागे 16 मिलिमीटर धरतात, अतितीव्र प्रदूषणाला 31. सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर पाणी पसरू देत नाहीत, थेंब थेंब ठेवतात; भट्ट्यांच्या पट्ट्यात तेच मागा.

या आठवड्याची बाकी कामं:
- डिझेल पंप चालवून बघणे
- शेततळं भरून ठेवणे
- ठिबकचे फिल्टर धुणे
- डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी पानांच्या दोन्ही बाजू तपासणे, डाऊनीसाठी खास करून खालची
- तारांखालच्या ओळींना लाल फडकी बांधणे, म्हणजे ब्लोअरवाल्या गड्याला दिसतील