एपेन्डायमोमाचा एमआरआय वाचताना या चुका टाळा

लहान मुलाच्या चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूच्या मागच्या भागातल्या द्रवाच्या पोकळीत) गाठ दिसली की ‘मेड्युलोब्लास्टोमा’ (लहान मेंदूची घातक गाठ) लिहून मोकळं व्हायचं. हा प्रकार इतक्या रिपोर्टांत दिसतो की आता चीड येते. मेड्युलोब्लास्टोमा जास्त आढळतो हे खरं, पण म्हणून नीट बघायचंच नाही?

मेड्युलोब्लास्टोमा बहुतेकदा छताकडून, व्हर्मिसमधून (लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्यातून) येतो. एपेन्डायमोमा (या पोकळ्यांच्या अस्तरासारख्या पेशींची गाठ) बहुधा तळातून किंवा बाजूच्या कोपऱ्यातून. म्हणून मी आधी सॅजिटल (बाजूने दिसणारे उभे छेद) उघडतो आणि सीएसएफची (मेंदूतल्या द्रवाची) बारीक फट गाठीच्या कोणत्या बाजूला उरली आहे ते शोधतो. मग अ‍ॅक्सियलवर (आडव्या छेदांवर) लुश्का आणि माजेंडीची छिद्रं, म्हणजे या पोकळीतून द्रव बाहेर पडण्याच्या वाटा. मळलेली कणीक मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटींतून निघते, तसा एपेन्डायमोमा या छिद्रांतून बाहेर पडतो. सीपी अँगलमध्ये (लहान मेंदू आणि ब्रेनस्टेममधल्या कोपऱ्यात) शिरतो, फोरामेन मॅग्नममधून (कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून) मानेकडे उतरतो, वाटेतल्या नसा आणि रक्तवाहिन्यांना वेढतो. हे सर्जनला ऑपरेशनच्या टेबलावर नाही, आधी कळायला हवं. गाठ पूर्ण निघते की नाही यावर मुलाचं पुढचं बरंच काही ठरतं. डिफ्यूजनही (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारी प्रतिमा) बघा: मेड्युलोब्लास्टोमात एडीसी (त्या हालचालीचं माप) चांगलाच खाली असतो, एपेन्डायमोमात सहसा तितका नसतो.

साध्या सीटीला कमी लेखू नका. साधारण निम्म्या एपेन्डायमोमांत कॅल्शियम दिसतं. वेळ वाचवायला एसडब्ल्यूआय (रक्त आणि कॅल्शियम टिपणारी एमआरआय प्रतिमा) गाळू नका.

दुसरी चूक मणक्याची, आणि ती मला जास्त लागते. सुरगाण्याकडचा एक मुलगा. सकाळच्या उलट्यांवर बरेच दिवस पित्ताचं औषध चाललेलं, तोल जायला लागला तेव्हा नाशिकला आणला. एका ठिकाणी फक्त मेंदूचा एमआरआय झाला, ऑपरेशन झालं, आणि चार-पाच दिवसांनी कुणाला तरी मणका आठवला. पाठीच्या कण्यावर टी-वनमध्ये (एमआरआय प्रतिमेचा एक प्रकार) पांढऱ्या रेषा. पसरलेला कॅन्सर की ऑपरेशनचं उतरलेलं रक्त? कुणालाच छातीठोक सांगता येईना. दोन आठवडे थांबून पुन्हा तपासायचं ठरलं. “साहेब, पोराला परत भूल देणार?” बापाने विचारलं. पहिल्याच भुलेत, काँट्रास्ट (गाठ उजळ दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिलेलाच असताना, पूर्ण मणका घेतला असता तर हा प्रश्न आलाच नसता. माझ्या एमआरआयच्या टेबलावर पोस्टीरियर फोसाची (कवटीच्या मागच्या-खालच्या भागातली) गाठ असलेलं मूल मणका झाल्याशिवाय उतरत नाही. पुढचा पेशंट ताटकळला तरी चालेल.

टेन्टोरियमच्या (मोठा आणि लहान मेंदू यांच्यामधल्या पडद्याच्या) वरचा एपेन्डायमोमा अनेकदा व्हेंट्रिकलबाहेर, मेंदूच्या गाभ्यातच असतो. ‘व्हेंट्रिकलशी संबंध नाही’ म्हणून नाव खोडू नका. प्रौढाच्या व्हेंट्रिकलमधली, काँट्रास्ट जवळजवळ न घेणारी गाठ असेल तर सबएपेन्डायमोमाचा (त्याच कुळातली संथ वाढणारी गाठ) विचार करा. स्पायनल कॉर्डमध्ये (मज्जारज्जूत) गाठ मधोमध असेल आणि टोकांना टी-टूवर (प्रतिमेचा दुसरा प्रकार) काळी टोपी, म्हणजे जुन्या रक्ताची कड, दिसत असेल तर शक्यतांच्या यादीत एपेन्डायमोमा वर ठेवा. एमआरआयवरून ग्रेड (गाठ किती आक्रमक ते) लिहू नका. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात जागा आणि जनुकीय तपासणी यांवर प्रकार ठरतो. ते काम पॅथॉलॉजीचं.

ऑपरेशननंतरचा एमआरआय ४८, फार तर ७२ तासांत करा. त्यानंतर जखमेच्या कडा काँट्रास्ट घेऊ लागतात आणि उरलेली गाठ ओळखणं अवघड होतं. मुंबईला पाठवताना नातेवाइकांच्या हातात सीडी द्या. फिल्मवर एडीसी मोजता येत नाही.