कोकमाच्या सालीचा अर्क जीवाणूंवर कसा तपासावा

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीत गार्सिनॉल हे पिवळे, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे द्रव्य असते आणि हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लही भरपूर असते. जीवाणूंना रोखण्यात यांपैकी कोणाचा वाटा किती, हे वेगळे करता आले नाही, तर महाविद्यालयातील अशा प्रकल्पाला फारसा अर्थ उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजारातील आमसुले घेऊ नयेत, कारण ती मीठ घातलेल्या रसाची पुटे देऊन वाळवलेली असतात आणि मीठही जीवाणूंची वाढ रोखते. ताजे रातांबे धुऊन, बिया व गर काढून, साली ४५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये कडक वाळवाव्यात व लगेच दळाव्यात. कोकणातल्या दमट हवेत उघडी राहिलेली साल तासाभरात पुन्हा मऊ पडू लागते. १० ग्रॅम पूड ७० टक्के इथेनॉलच्या १०० मिलिलिटरमध्ये २४ तास अंधारात ठेवून गाळावी आणि इथेनॉल उडवताना ज्योत जवळ आणू नये. उरलेला चिकट अर्क आधी थोड्या डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवून पाणी असे घालावे, की डीएमएसओ १० टक्के आणि अर्क मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम राहील. द्रव गढूळ होतो, म्हणून दर वेळी हलवूनच घ्यावा.

आता त्याचे दोन भाग करावेत. एकाचा सामू (पीएच) सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने ७ वर आणावा, दुसऱ्यात तेवढेच पाणी घालावे. म्युलर-हिंटन अगार या जीवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमाच्या ४ मिलिमीटर जाड थरावर बॅसिलस सब्टिलिस आणि ई. कोलायचा निरुपद्रवी के-१२ वाण वेगवेगळ्या बशांत, ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणा मोजण्याचे प्रमाण) इतक्या गढूळपणाच्या द्रवातून पसरवावा. अगारमध्ये पाडलेल्या ६ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यांत प्रत्येकी ५० मायक्रोलिटर असे दोन्ही भाग, आणि तुलनेसाठी नुसते १० टक्के डीएमएसओ व स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घालून बशा ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवाव्यात.

खळग्याभोवती पसरलेला लालसर डाग पाहून अनेकजण फसतात. बशी काळ्या कागदावर तिरपी धरली, की त्या डागातही जीवाणूंचा धुरकट थर दिसू शकतो. मोजायचे ते केवळ जीवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ. ते फक्त सामू न बदललेल्या आंबट भागाभोवती उमटले, तर श्रेय मुख्यतः आम्लाचे. ई. कोलायभोवतीचे वर्तुळ लहान असणे स्वाभाविक आहे, कारण त्याचे बाह्य आवरण अशा द्रव्यांना अडवते. मात्र गार्सिनॉल अगारमध्ये नीट पसरत नाही, म्हणून लहान वर्तुळावरून अर्क दुबळा ठरवू नये. द्रव माध्यमात अर्क निम्मा-निम्मा विरळ करत, वाढ थांबवणारे किमान प्रमाण काढावे. वापरलेल्या बशा टाकण्यापूर्वी १२१ अंशांवर किमान २० मिनिटे ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक) कराव्यात.