सस्पेन्शन अपग्रेड करताय? आधी या चुका टाळा

गणपतीला पुण्याहून सावंतवाडीला जाताना आमची गाडी भरलेली असते आणि परत येताना त्याहून जास्त. पाच माणसं, मागे तांदळाचं पोतं, नारळ, कोकमं. आंबोलीच्या घाटात दोन-चार वळणं झाली की मागून आईचा आवाज येतोच, "जरा हळू रे, पोटात ढवळतंय." गाडी वळणावर झुकते आणि सरळ झाल्यावरही एकदा-दोनदा डोलते. हे डोलणं थांबवायला मी चार वर्षांपूर्वी सस्पेन्शनच्या कामात हात घातला. त्यात पैसे गेले आणि शिकायलाही मिळालं. तेच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र बसवलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी, थोडा पीळ खाणारी आडवी तुळई) असतो. जमिनीपासूनची उंची साधारण 190 ते 210 मिलिमीटर. गाडी उंच असली की वळणावर थोडी झुकणारच. पोटात ढवळतं ते झुकण्यापेक्षा झटकन झुकण्याने आणि नंतरच्या डोलण्याने. किती झुकायचं हे मुख्यतः स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं कमी करणारा पोलादी दांडा) ठरवतात. किती वेगाने झुकायचं आणि कधी थांबायचं हे शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, ठरवतो. बहुतेक लोक शॉकअपचं काम स्प्रिंगकडून करून घ्यायला जातात, आणि तिथेच गाडं अडतं.

दुखणं न शोधता औषध

नवा भाग घेण्याआधी एक सकाळ गाडीला द्या. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर टायरमधल्या हवेचं स्टिकर असतं. त्यावर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुतेक वेळा वेगळा आकडा दिलेला असतो. टायर थंड असताना त्याप्रमाणे हवा भरा. हवा चार-पाच पीएसआयने कमी असली तरी गाडी वळणावर लोळल्यासारखी वाटते.

मग टायरवरून तळहात फिरवा. रबर लाटेसारखं उंचसखल लागलं तर शॉकअप थकल्याची शक्यता मोठी. शॉकअपवर नुसता ओलसर, धूळ चिकटलेला पट्टा असेल तर घाबरू नका, पण तेल ओघळून खाली आलं असेल तर तो गेला. खड्ड्यात खडखड येत असेल तर लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी), लोअर आर्मचे बुश (चाकाला खालून धरणाऱ्या आर्मच्या सांध्यातले रबर) आणि स्ट्रट माउंट (स्ट्रटची वरची बैठक) तपासून घ्या. बॉनेट दाबून गाडी किती वेळा उसळते ते मोजायची पद्धत फार भरवशाची नाही. पूर्ण निकामी शॉकअप तेवढा त्यात सापडतो, अर्धा थकलेला निसटतो.

स्प्रिंगमध्ये रबरी बफर

ही माझी चूक. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये बसणारे रबराचे बफर एका दुकानदाराने अर्ध्या तासात बसवून दिले. गाडी मागून थोडी उचलली गेली, बरं वाटलं. पुढच्याच आठवड्यात स्पीडब्रेकरवर मागची चाकं लाथ मारल्यासारखी उसळायला लागली. बफर जिथे बसतो तिथले वेढे दबायचे थांबतात. सगळं काम उरलेल्या वेढ्यांवर येतं आणि स्प्रिंग कडक होते. ती परत उसळताना तिला आवरायला मात्र तोच जुना शॉकअप. शिवाय बफरच्या कडेला चिखल साचून रंग घासला जातो आणि तिथून गंज धरतो. दोन महिन्यांत मी ते काढून टाकले.

गाडी खाली बसवणं

लोअरिंग स्प्रिंगने गाडी देखणी दिसते, पण कुटुंबाच्या गाडीला मी हे कधीच सुचवणार नाही. मॅकफर्सन रचनेत गाडी खाली आली की लोअर आर्मचा कोन बदलतो. गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर बहुतेकदा वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. म्हणजे उंची कमी करूनही गाडीला झुकवणारा जोर वाढू शकतो, आणि त्याची भरपाई करायला स्प्रिंग अजून कडक घ्यावी लागते. त्यात पाच माणसं बसली की गाडी बंप स्टॉपवरच, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर लागणाऱ्या रबरी ठोकळ्यावरच, टेकते. आपल्या गावागावांतल्या स्पीडब्रेकरांचं तर वेगळं सांगायलाच नको.

जाड बारचा मोह

अँटी-रोल बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिलिमीटरचा भरीव बार काढून 22 मिलिमीटरचा घातला तर दिसायला फरक दोन मिलिमीटरचा, पण कडकपणा सुमारे 46 टक्क्यांनी वाढतो. मागचा टॉर्शन बीम स्वतःच थोडंफार अँटी-रोल बारचं काम करत असतो. त्यात मागे भर घातली की वळणावर आतल्या मागच्या चाकावरचा भार आणखी कमी होतो. पावसात घाट उतरताना, ब्रेक लावलेला असताना, गाडीची शेपूट सुटायला एवढं पुरतं.

भाग चांगला, फिटिंग वाईट

गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळलेली, आणि मेकॅनिक लोअर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळतोय. हे दिसलं तर तिथेच थांबवा. गाडी खाली उतरली की तो रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट आधी हाताने बसवायचे आणि शेवटचं आवळणं चाकांवर वजन आल्यावर करायचं.

शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीने धरू देऊ नका. एक ओरखडा पडला तरी सील कापला जातो. ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे आडवा ठेवताना आत शिरलेली हवा निघते. शॉकअप एका एक्सलचे दोन्ही, म्हणजे पुढचे दोन किंवा मागचे दोन, एकदमच बदला. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय स्ट्रटचा वरचा नट खोलायला कोणी निघालं तर गाडी तिथून हलवा, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली की जीव जाऊ शकतो. काम झाल्यावर अलाइनमेंट न करता निघालात तर टायर एका कडेने झिजू शकतात.

उंची बदलणारा कुठलाही बदल करायचा तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. हेडलाइटचा कोन आणि ॲडासचा (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेराही तेव्हा पुन्हा लावून घ्यावा लागतो.

आमच्या गाडीचं काम शेवटी साध्या क्रमाने मार्गी लागलं: हवा, बुश आणि लिंक रॉड, मग कंपनीच्याच उंचीच्या स्प्रिंगवर थोडे घट्ट, नावाजलेल्या कंपनीचे चार शॉकअप. तुम्ही बदल केलात तर गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात द्या, सामान भरा आणि स्वतः मागच्या सीटवर बसून एक घाट उतरा.