मुंबईच्या उकाड्यात स्टँड मिक्सर कसा वापरायचा

स्टँड मिक्सर (केक फेटायचं, पीठ मळायचं मशीन) घेतला आणि पहिलाच केक बसला असं मला आत्तापर्यंत तिघीचौघींनी सांगितलंय, आणि बटर किती वेळ बाहेर होतं विचारलं की उत्तर ठरलेलं, रेसिपीत रूम टेंपरेचर लिहिलंय म्हणून सकाळीच काढून ठेवलं होतं. अहो, ते रूम टेंपरेचर म्हणजे 18-20 डिग्री! आपल्याकडे मे महिन्यात किचनमध्ये दुपारी सहज 32-33 असतं आणि वर मशीन फिरताना घर्षणाने मिश्रण अजून गरम होतं ते वेगळंच.

म्हणून बटर फ्रिजमधून काढून बारीक तुकडे करा आणि दहापंधरा मिनिटांनी बोट दाबून बघा, खळगा पडला पाहिजे पण बोटाला तेलकट लागता कामा नये. मग पॅडल, म्हणजे मशीनचं चपटं पातं, लावून साखरेबरोबर मिडियम स्पीडवर चारपाच मिनिटं, मध्ये दोनदा मशीन बंद करून स्पॅटुलाने कडा आणि तळ खरवडायचा, तिथे न फेटलेलं बटर चिकटून बसतं. रंग फिकट झाला, फुलून हलकं झालं की झालं. मिश्रण चकाकायला लागलं तर बटर वितळतंय, तसंच पुढे रेटू नका, भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग परत फेटा. अंडी एकेक करून घाला. मैदा घातल्यावर मात्र सगळ्यात कमी स्पीड, तोही 20-30 सेकंद, उरलेलं हाताने, कारण मैदा जास्त फिरला की ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारा चिकटपणा, तयार होतं आणि केक चिवट होतो.

पावाचं पीठ याच्या उलट, त्याला ग्लुटेन हवंच. 400 ग्रॅम मैदा, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 7 ग्रॅम मीठ, 2 चमचे साखर, 250 मिली पाणी, आणि पाणी फ्रिजमधलं गार घ्या, उन्हाळ्यात कोमट अजिबात नको. हुक, म्हणजे मळायचं आकड्यासारखं पातं, लावून स्पीड 2 वर आठदहा मिनिटं, 40 ग्रॅम बटर शेवटच्या चार मिनिटांत थोडं थोडं. सुरुवातीला पीठ भांड्याला चिकटतं आणि आपला हात लगेच मैद्याच्या डब्याकडे जातो, पण थांबा, पाचसहा मिनिटांनी ते आपोआप सुटायला लागतं. लिंबाएवढा गोळा घेऊन ताणून बघा, न फाटता पातळ पडदा झाला, पलीकडचा उजेड दिसला की लादीपावाचं पीठ तयार. स्पीड वाढवून वेळ वाचवू नका, घट्ट पिठाने मोटरवर लोड येतो, वरून हात लावून गरम लागलं तर मशीनला विश्रांती द्या.

क्रीमसाठी भांडं आणि व्हिस्क, म्हणजे तारांचं फेटणं, फ्रीजरमध्ये 15 मिनिटं. साधं 25 टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फिरवलं तरी उभं राहत नाही, व्हिपिंग क्रीमच आणा, क्रॉफर्ड मार्केटच्या बेकिंगच्या दुकानांत मिळतं. व्हिस्कच्या रेघा उमटायला लागल्या की मशीनपासून हलू नका, पुढच्या काही सेकंदांतच लोणी होतं, शेवटचं चारदोन वेळा हातानेच फिरवा.

आणि तळाला पीठ कोरडं राहत असेल तर पॅडल वर राहतंय. भांड्यात रुपयाचं नाणं टाका, पॅडल लावून सगळ्यात कमी स्पीडवर फिरवा. नाणं दर फेरीला थोडंसं सरकलं तर ठीक, जागचं हललंच नाही तर पॅडल वर आहे, सतत फरफटत राहिलं तर फार खाली. डोकं मागे उचलायच्या मशीनमध्ये मानेपाशी एक स्क्रू असतो, तो अगदी थोडा थोडा फिरवून परत बघायचं.

कुणी अमेरिकेहून मशीन आणत असेल तर आधी मशीनवरची व्होल्ट लिहिलेली प्लेट वाचा, तिकडचं 120 व्होल्टचं असतं, आपल्या 230 ला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका.

होळीला याच हुकने पुरणपोळीची कणीक तिंबून बघा, सैलसर भिजवायची, तेल चमच्याचमच्याने सोडत स्पीड 2 वर दहा मिनिटं, मग तासभर झाकून ठेवायची.