लग्नपत्रिकेत वळणदार हस्ताक्षरी टंक कसा वापरावा

वधू-वरांची नावे हाताने लिहिल्यासारख्या टंकात (फॉण्टमध्ये) छापली की लग्नपत्रिकेला जिव्हाळा येतो. मात्र तोच टंक मुहूर्त, पत्ता आणि निमंत्रकांच्या लांबलचक यादीलाही लावला, तर पत्रिका वाचवत नाही. म्हणून प्रथम मजकूर विभागून घ्यावा. नावे आणि फार तर ‘शुभविवाह’ हे शीर्षक वळणदार टंकात ठेवावे, बाकी सर्व, अगदी ‘चि. सौ. कां.’सुद्धा, साध्या टंकात.

त्यानंतर टंक निवडावा. गूगल फॉण्ट्सवर ‘कलम’ आणि ‘अमिता’ हे देवनागरी टंक विनामूल्य मिळतात व त्यांचा परवाना व्यावसायिक छपाईलाही चालतो. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हलका, नेहमीचा आणि ठळक अशा तीन जाडींत असून तो वहीतल्या सहज अक्षरासारखा दिसतो. ‘अमिता’ अधिक डौलदार असल्याने पत्रिकेसाठी मी तो आधी लावून पाहीन.

खरी कसोटी पुढे आहे. टंकासोबत दाखवलेल्या नमुन्यावर भुलू नये; आपल्याच पत्रिकेतील नावे व गावे त्यात टाइप करून छापून पाहावीत. वळणदार टंकात ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक अक्षराच्या वरच्या लहानशा गाठीवर आणि शिरोरेघेच्या खंडावर टिकून असतो, त्यामुळे बारीक आकारात धुळ्याचे ‘घुळे’ आणि भुसावळचे ‘मुसावळ’ वाचले जाण्याचा धोका असतो. ‘बऱ्हाणपूर’ आणि ‘वऱ्हाडी’ हे शब्द तर आवर्जून तपासावेत, कारण त्यांतला अर्धा ‘र’ अनेक टंकांत नीट उमटत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे दिसू लागली, तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडावी. टंकात तशी सोय असल्यास मराठी वळणे आपोआप येतात.

मांडणी करताना नावांना तीस पॉइंटांच्या आसपास आकार द्यावा, साधा मजकूर अकरा पॉइंटांखाली नेऊ नये. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, कारण त्याने शिरोरेघ तुटते. जागा मोकळी हवी असेल तर ओळींमधील अंतर वाढवावे, म्हणजे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकत नाहीत. सोनेरी फॉइल किंवा गडद मरून कागदावर पांढरी अक्षरे घेणार असाल, तर ठळक जाडीच घ्यावी, कारण बारीक रेषा छपाईत तुटतात किंवा शाईने बुजतात.

छापखान्यात फाइल देताना अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराऐवजी नुसत्या रेखाकृतींमध्ये, बदलून पीडीएफ द्यावी आणि मूळ फाइल स्वतःजवळ जपावी, कारण कर्व्ह केल्यावर चूक टाइप करून सुधारता येत नाही. युनिकोडमधील, म्हणजे आज संगणक व फोनवर सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेतातील, मजकूर छापखान्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात नेला तर तो विस्कटतो. म्हणून छापखान्यात मजकूर पुन्हा टाइप झाला असेल, तर त्यातला प्रत्येक शब्द मूळ मजकुराशी ताडून पाहावा. शेवटी प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर एक प्रूफ काढून घरातील वडीलधाऱ्यांना ते हातभर अंतरावरून वाचायला द्यावे, आणि एखाद्या नावावर ते अडखळले तर छपाईला होकार देण्याआधी जाडी, आकार किंवा टंकच बदलावा.