काजू-आंब्याच्या बागा आणि वणवा : पौषापासून वैशाखापर्यंतची कामं

सड्यावरचं, म्हणजे कातळी पठारावरचं, गवत पावसाळ्यात कमरेपर्यंत वाढतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि संक्रांतीला कडकडीत वाळतं. नेमका तेव्हाच काजू मोहरावर असतो, आंब्याला कणी धरलेली असते. वर्षाचं उत्पन्न झाडावर आणि वर्षाचं जळण झाडाखाली, अशी कोकणातल्या आणि गोव्यातल्या बहुतेक बागांची या दिवसांतली स्थिती असते. वन खातं फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वणव्याचा धरतं. बागायतदाराने त्याच्या महिनाभर आधी कामाला लागायला हवं.

आपल्याकडचा वणवा आपोआप लागत नाही. क्वचित वळवाची वीज पडून आग लागत असेल, पण बाकी सगळीकडे मागे माणूसच असतो. कुणी बांध साफ करायला गवत पेटवतं, कुणी राब भाजतं, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळतं, कुणी पडलेली काजू बी दिसावी म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतं. शिकारीसाठी रान पेटवणारे आहेत, विडीचं थोटूक टाकून जाणारे आहेत, आणि लोंबकळणाऱ्या वीजतारा एकमेकींना घासून पडणाऱ्या ठिणग्याही आहेत. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत आगी लागल्या, तेव्हा त्या विझवायला नौदलाची आणि वायुदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. आपल्या वाडीसाठी हेलिकॉप्टर येणार नाही, हे धरूनच तयारी करावी.

‘डोंगर जाळला की गवत चांगलं फुटतं’ असं अजूनही बरेच जण मानतात. फुटवा हिरवागार दिसतो, हे खरं. पण कातळावर मातीचा थर आधीच वीतभर. त्यावरचा पाचोळा जळाला की मृगाचा पहिला जोराचा पाऊस ती माती राखेसकट व्हाळात (ओढ्यात) नेतो. ऐन, किंजळ, जांभळीची रोपं जातात. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर मग रानमोडी नावाचं झुडपी तण माजतं. ती गुरं खात नाहीत आणि उन्हाळ्यात ती वाळली की पुढच्या वणव्याला तिचंच जळण मिळतं. बागेचं नुकसानही फक्त झाडांपुरतं राहत नाही. काजूचं परागीभवन कीटकांवर चालतं, आणि जमिनीत घर करणाऱ्या माश्या ऐन मोहरात जळतात. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या ढेकण्या (मोहराचा रस शोषणारी कीड) खातात, त्या मुंग्याही जातात. जे झाड जळालं नाही, त्याचंही उत्पन्न घटू शकतं.

माणसंही जातात. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वाळलेल्या गवताला लागलेल्या आगीत ट्रेकिंगला गेलेली मंडळी सापडली. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात कोट्टंबत्तूरला आग विझवताना वन खात्याचे तीन वॉचर, म्हणजे जंगलाचे राखणदार, गेले. असे वॉचर बहुधा रोजंदारीवर असतात आणि आगीसमोर त्यांच्या हातात अनेकदा हिरव्या फांदीपलीकडे काही नसतं. आपण दुपारी एक काडी ओढतो तेव्हा ती कुणाच्या अंगावर जाईल हे आपल्या हातात उरत नाही.

आता कामं. सर्वांत आधी जाळरेषा. बागेच्या चारही बाजूंनी किमान तीन ते पाच मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून, पाचोळा ओढून, खालची माती दिसेल इतका साफ करा. उताराच्या खालच्या अंगाला हा पट्टा जास्त रुंद ठेवा, कारण आग चढणीवर जोरात धावते आणि दुपारनंतरचा समुद्राकडून येणारा खारा वारा तिला डोंगराकडेच ढकलतो. चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) असला तरी पट्टा हवाच. गडग्याला टेकून वाढलेली झुडपं पेटली की ज्वाळा पलीकडे जातात. ग्रास कटर सकाळी दव असताना चालवा. दुपारी पातं दगडाला लागून उडालेल्या ठिणगीनेच गवत पेटू शकतं. काढलेलं गवत पट्ट्यावर न ठेवता आतल्या झाडांच्या आळ्यात पसरा, बुंध्यापासून हातभर सोडून. बाग मोठी असेल तर मधूनही एक आडवा पट्टा काढा म्हणजे आग शिरली तरी निम्मी बाग वाचते. बागेवरून वीजवाहिनी जात असेल तर तारांखालची जागा मोकळी करा आणि सैल तारांची तक्रार लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.

एकट्याच्या पट्ट्याचा उपयोग मर्यादित असतो. शेजारच्याची जमीन मुंबईला राहणाऱ्या भावकीची असेल, तर त्यांना आत्ताच फोन करा आणि मजुरी वाटून घेऊन सामाईक हद्दीवर एकच सलग रेषा काढा. माझ्या मते वणव्याच्या बाबतीत वाडीने एकत्र केलेलं हे एकच काम बाकी सगळ्यापेक्षा मोलाचं आहे.

भाताच्या रोपासाठी राब भाजायची खरं तर गरज नाही. गादीवाफा करून त्यात कुजलेलं शेणखत घातलं की रोप चांगलं येतं. तरीही भाजणार असाल तर पहाटे, वारा पडलेला असताना, भोवती माती उघडी करून आणि पाणी भरून ठेवून भाजा. राख हाताला गार लागेपर्यंत एक माणूस तिथून हलता कामा नये. जंगलाला लागून जमीन असेल तर वनरक्षकाला आधी सांगा. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे राखीव वनात आग लावणं किंवा जाऊ देणं हा गुन्हा आहे.

बागेत दोनशे लिटरचा एक पिंप भरलेला असू द्या. सोबत पाठीवरचा फवारणी पंप, गोणपाटं, कोयता, फावडं. पंप तणनाशकाला वापरलेला असेल तर आधी नीट धुवा. वणवा दिसला की आधी महाराष्ट्रात वन खात्याच्या १९२६ वर, नाहीतर कुठेही ११२ वर फोन करा, मग निघा. अंगावर सुती कपडे, पायात बूट. नायलॉन-टेरिकॉट कातडीला चिकटतं. आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नका. जळून गेलेल्या बाजूने, कडेकडेने, ओल्या फांदीने झोडपत आत या आणि माघारीची वाट डोळ्यासमोर ठेवा. ज्वाळा डोक्यावर गेल्या तर बाग सोडा. धुरात काम केलेल्याला दम लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर रात्रीची वाट न बघता दवाखान्यात न्या. आग विझल्यावर वाळवीने पोखरलेले बुंधे हाताने चाचपून बघा. ते आतून धुमसत राहतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या वाऱ्यावर पुन्हा पेट घेतात.

बाग जळालीच, तर साफसफाईच्या आधी तारखेसह फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा करून घ्या, झाडांची संख्या वयानुसार लिहून घ्या. फळपीक विमा हवामानाच्या धोक्यांसाठी असतो, त्यात आगीची भरपाई गृहीत धरू नका.

करपलेलं झाड लगेच तोडू नका. बुंध्याची साल चाकूने नखाएवढी खरवडा. आत ओलसर, फिकट हिरवी किंवा पांढरट असेल तर झाड जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडी असेल तर तेवढा भाग मेला. सगळ्या बाजूंनी आणि वेगवेगळ्या उंचीवर तपासा. मेलेल्या फांद्या पावसाच्या तोंडावर कापा आणि कापांना बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, प्लॅस्टिकच्याच भांड्यात. उघडे पडलेले बुंधे चुन्याने रंगवा, नाहीतर उन्हाने साल तडकते. अशक्त काजूवर खोड पोखरणारी अळी लवकर येते, म्हणून बुंध्याशी भुसा किंवा डिंक दिसतो का हे पंधरा दिवसांनी बघत राहा.

वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींची लहान कलमं जळाली असतील तर जास्त लक्ष द्या. पावसात फूट येईल, पण ती जोडाच्या वरून आली की खालून, ते बघा. खालची फूट रायवळ, म्हणजे कलमाची नसून खालच्या बियाण्याच्या रोपाची, आहे. ती तशीच वाढवली तर काही वर्षांनी हातात बारीक बी येईल. त्यातली एक जोमदार फूट ठेवून तिच्यावर जातिवंत काडीचं मृदुकाष्ठ (कोवळ्या फुटीवरचं) कलम करून घ्या, किंवा त्या खड्ड्यात नवं कलम लावा. जळालेल्या जागेत उगवणारी रानमोडी पहिल्या पावसातच, फुलायच्या आत, मुळासकट उपटा.